सकाळी उरलेले बहात्तर टक्के

अशी कल्पना करा, की तुम्ही एका खोलीत बसला आहात. खोली इतकी लहान की हात पसरले तर दोन्ही बाजूंच्या भिंतींना बोटं लागतील. एक ओटा आहे, ओट्याखाली गुडघ्याएवढा फ्रिज, झोपायच्या दोन अरुंद जागा, एक पंखा, तीन दिवे. भिंतीवर बटणंही आहेत. आता खिडकीतून बाहेर बघा. विजेचा खांब दिसतो? नाही ना. तारही नाही. झाडं आहेत, पाणी आहे, आणि सगळ्यांत जवळचं घर तासाभराच्या वाटेवर आहे. मग बटण दाबल्यावर दिवा लागेल कशाने?

तुमच्यापैकी कुणीतरी लगेच म्हणेल, उन्हाने. बरोबर. छपरावर सौर पॅनेल, खाली बॅटरी. पण थोडं थांबा. पॅनेल केवढं? बॅटरी किती मोठी? ढग आले तर? आणि या सगळ्याच्या आधी, त्या खोलीत झोपणार कोण? त्या माणसाला रात्रभर काय लागतं? हे नीट कळलं नाही, तर पुढची सगळी गणितं बरोबर करूनही उत्तर चुकतं. एका घरात ते असंच चुकलं होतं.

त्या घरात चार माणसं होती. टाचणी अकरा वर्षांची. हे तिचं खरं नाव नव्हे. अंगाने बारीक, आणि एकदा प्रश्न विचारायला लागली की टोचतच राहते, म्हणून मामाने ठेवलेलं. हा मामा सुतार. त्याने गळक्या छपराची एक जुनी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, कुठूनशी आणून अंगणात उभी केली होती आणि वर्षभर सुट्टीच्या दिवशी ती दुरुस्त केली होती. पाठीवर घर घेऊन फिरते म्हणून तिचं नाव गोगलगाय. टाचणीची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. काच केसभर चुकली तरी माणसाला पायरी दिसत नाही, असं ती म्हणे, आणि घरातही सगळं त्याच मापाने तपासून बघे. चौथे आजोबा, आईचे आणि मामाचे वडील. नोकरीत असताना ते दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचायचे. तीस वर्षांत त्यांनी वाचलेला एकही आकडा खोटा निघाला नाही, ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. ती मामा सांगायचा, आणि तेव्हा ते दुसरीकडे बघायचे.

शहरापासून बरंच दूर, झाडांच्या मागे, एक मोठं तळं होतं. वर्षातून एकदा तिथे रानबदकं उतरायची, चार-पाच दिवस थांबायची आणि पुढे जायची. ती मोजायला काही हौशी माणसं जमत. त्यांत आजोबा बावीस वर्षं होते. थवा उडताना एकेक पक्षी मोजता येत नाही. म्हणून आजोबा आधी दहा पक्षी नजरेने वेगळे काढायचे, त्याला ते ‘घास’ म्हणत, आणि मग तसे किती घास थव्यात बसतात ते बघायचे. टाचणीला त्यांनी हे गच्चीवर कबुतरं उडवून शिकवलं होतं. तळं मात्र तिने अजून पाहिलं नव्हतं.

कारण गेली दोन वर्षं आजोबाच तिथे गेले नव्हते. झोपेत त्यांचा श्वास अडकायचा. घोरता घोरता मध्येच सगळं शांत व्हायचं, आणि ती शांतता घोरण्यापेक्षा भीतीदायक असायची. डॉक्टरांनी उशाशी ठेवायचं एक यंत्र दिलं होतं. त्याची नळी मास्कला जोडायची, मास्क नाकावर बांधायचा, आणि यंत्र रात्रभर हळूहळू हवा आत ढकलत राहायचं. हवा कोरडी लागू नये म्हणून त्यात पाण्याचं एक छोटं भांडं होतं. ते यंत्र स्वतःच गरम ठेवायचं. त्या भांड्यात रोज संध्याकाळी रेघेपर्यंत पाणी भरणं हे टाचणीचं काम. सकाळपर्यंत पाणी तळाला गेलेलं असे. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही रात्र चुकवायची नाही. आणि तळ्यावर वीज नव्हती.

आता गोगलगाय तयार झाली होती. आईने एकच अट घातली. ऊन न पडता लागोपाठ दोन रात्री गेल्या, तरी यंत्र बंद पडता कामा नये. तेवढं जमत असेल तर आजोबा येतील. नसेल जमत, तर मामा आणि टाचणी जातील आणि आजोबा तिच्याबरोबर घरी राहतील. आजोबांनी मान डोलावली. टाचणीने त्यांच्याकडे पाहिलं. ते बुटाची नाडी सोडत होते. ती आधीच सुटलेली होती.

सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवून देणारं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे वायरमन मावशी म्हणत. दुकानात तारांची भेंडोळी, पेट्या, आणि मध्ये एक लांब टेबल. त्यावर चहाचे गोल डाग. टाचणी आणि आजोबांना घेऊन मामा आत शिरला आणि शिरताच म्हणाला, की त्याला सगळ्यांत मोठं पॅनेल हवं. मावशींनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, सकाळी उठल्यापासून दुसऱ्या दिवशी उठेपर्यंत तुम्ही काय काय करता ते सांगा. मामा म्हणाला, मी तुमच्याकडे वस्तू घ्यायला आलोय, कबुलीजबाब द्यायला नाही. मावशी हसल्या, पण प्रश्न त्यांनी सोडला नाही.

मग त्यांनी टाचणीला जवळ बोलावून एक गोष्ट समजावून सांगितली. ती तुम्हीही ऐका. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी समजा. पॅनेल म्हणजे तिच्यात पाणी सोडणारा नळ. पण हा नळ ऊन असेल तेव्हाच वाहतो. आणि दिवा, पंखा, फ्रिज ही टाकीला पडलेली भोकं. दिव्याचं भोक सुईएवढं, पाणी तापवायच्या किटलीचं मुठीएवढं. पण सुईएवढं भोक रात्रभर उघडं राहिलं, तर तेही बादल्या रिकाम्या करतं. म्हणून नुसतं भोक केवढं ते बघून चालत नाही. ते किती वेळ उघडं राहतं तेही बघावं लागतं. माणसं दुकानात येऊन नळाबद्दल बोलतात, मावशी म्हणाल्या, आणि मी त्यांना भोकांबद्दल विचारते, म्हणून त्यांना माझा राग येतो.

त्यांच्याकडे दोन तऱ्हा होत्या. पहिलीत दोन पॅनेल छपरावर पक्की ठोकायची आणि खाली एक बॅटरी. हलकी, आणि एकदा बसवली की बघायला नको. गोगलगायीच्या छपराला मध्ये उजेडाची खिडकी होती, त्यामुळे तिथे दोनच पॅनेल बसली असती. दुसऱ्या तऱ्हेत पॅनेल घडीचं; ते लांब तारेने जोडून जमिनीवर, ऊन असेल तिथे मांडायचं, आणि बॅटऱ्या दोन. ही जड, आणि तिच्याकडे दिवसभर लक्ष द्यावं लागतं. मामाची छोटी मोटार फार वजन ओढू शकत नव्हती, म्हणून त्याला पहिली आवडली. आजोबाही लगेच म्हणाले, पहिलीच बरी, आपल्याला लागतं किती.

मावशींची एक पद्धत होती. त्या कुणालाही लगेच सामान विकत नसत. आधी ते उसनं द्यायच्या, तात्पुरतं जोडून द्यायच्या, आणि म्हणायच्या, दारातच दोन रात्री काढा, घरातून एकही तार बाहेर आणू नका, आणि काय लागलं ते लिहून आणा. लिहिलेलं बघितल्याशिवाय त्या तऱ्हा ठरवत नसत. आजोबांच्या यंत्रामागचं लेबल वाचून त्यांनी अंदाज मात्र सांगितला. संध्याकाळी बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर सकाळी शंभरातले छत्तीस-सदतीस टक्के उरतील. मामाचा चेहरा पडला. छत्तीस म्हणजे दुसरी रात्र निघणार नाही, हे त्यालाही कळत होतं. आजोबा भिंतीवरच्या मीटरकडे बघत होते.

पहिल्या रात्री गोगलगायीत आजोबा आणि मामा झोपले. टाचणी आणि आई घरातच. सकाळी सहाला टाचणी वही घेऊन धावत गेली. दाराजवळ बॅटरीचा छोटा पडदा होता. त्यावर बहात्तर टक्के दिसत होते. तिने डोळे चोळले आणि पुन्हा वाचलं. बहात्तरच. मामाने अर्धवट झोपेत दोन्ही हात वर केले आणि वरच्या फळीवर आपटून घेतले. आई दात घासता घासता बाहेर आली आणि म्हणाली, एका रात्रीवर जाऊ नका. तरी तिचा आवाज रोजच्यापेक्षा मऊ होता.

दिवसभराच्या उन्हाने बॅटरी पुन्हा भरली, आणि दुसऱ्या सकाळी एकाहत्तर. मामा न्याहारीच्या वेळी किटलीबद्दल बोलू लागला. एवढी वीज उरते, तर किटली का नको? टाचणीला मात्र बरं वाटत नव्हतं. कशामुळे ते तिला सांगता आलं नसतं. ती नेहमीसारखी यंत्राचं भांडं धुवायला गोगलगायीत गेली. भांडं बाहेर काढलं. पाणी रेघेवर होतं.

काल सकाळीही ते रेघेवर होतं. मामाने भरलं असेल, असं काल तिला वाटलं होतं. पण मामाने आयुष्यात न सांगता कधी काही भरलं नव्हतं. ती भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. पाणी गेलं नाही, म्हणजे ते तापलं नाही. तापलं नाही, म्हणजे यंत्र चाललं नाही. आणि मामा? मामा ढाराढूर झोपायचा आणि स्वतःच इतका घोरायचा, की शेजारी ढोल वाजवला असता तरी त्याची कूस बदलली नसती.

आजोबा गोगलगायीच्या मागे, सावलीत, स्टुलावर बसले होते. जवळ जाऊन बघते तो ते झोपलेले. सकाळचे दहा वाजले होते. मान छातीवर पडली होती, आणि शर्टाची गुंडी एक काज सोडून पुढच्या काजात गेली होती. टाचणीचा पाय वाळलेल्या फांदीवर पडला आणि ते दचकून जागे झाले. तिच्या हातातलं भांडं त्यांनी पाहिलं.

“पाणी तेवढंच आहे,” टाचणी म्हणाली.

“हो.”

“तुम्ही मास्क काढून ठेवता.”

“मामा झोपला की,” आजोबा म्हणाले. त्यांनी कपाळ चोळलं. डोकं दुखत असावं. मग ते म्हणाले, की वहीतला आकडा खोटा नाही. बॅटरीवर बहात्तर होते, तिने बहात्तर लिहिले. एकाहत्तर होते, तिने एकाहत्तर लिहिले. त्यांनी आकड्याला हात लावलेला नाही. तीस वर्षांत कधी लावला नाही, आता कशाला लावतील?

टाचणीला हे ऐकून गंमत वाटायला हवी होती, पण वाटली नाही. कारण आजोबा हे तिला पटवून देत नव्हते. स्वतःलाच पटवत होते. आणि त्यांना ते जमत नव्हतं. मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. दोन वर्षं ते बाकीच्यांचे फोन ऐकत आलेत. आज इतके उतरले, आज तितके उडाले. फोन ठेवल्यावर ते उगाच फिरून येतात. छत्तीस ऐकलं तेव्हाच त्यांना कळलं, की आई आता नाही म्हणणार. दोन रात्री मास्क नसला तर माणूस मरत नाही. आणि तिथे गेल्यावर ते तो लावणार होते. रोज नाही, पण लावणार होते.

“तू सांगितलंस तर मी रागावणार नाही,” ते शेवटी म्हणाले. “नाही सांगितलंस तर मी कधी विचारणार नाही.”

आता तुम्हीच बघा, किती अवघड गोष्ट त्यांनी तिच्या हातात दिली होती. सांगावं, तर ज्यांच्याबरोबर तळ्यावर जायचं तेच घरी राहणार. न सांगावं, तर ते येणार. पण चार रात्री झाडांमध्ये, डॉक्टरांपासून दूर, मास्कशिवाय. मोठ्या माणसाने एवढं ओझं लहान माणसाला द्यायला नको होतं. आजोबांनाही ते कळत होतं, म्हणूनच ते तिच्याकडे न बघता गुंडी नीट लावत बसले.

दुपारी चौघंही मावशींच्या दुकानात गेले. मामाने वही टेबलावर अशी ठेवली, जणू परीक्षेत पहिला आल्याचा कागद. मावशींनी चष्मा लावला. आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि म्हणाल्या, नवल आहे, माझा अंदाज इतका कधी चुकत नाही. मामा म्हणाला, चालायचंच, माणूस आहे. मग पहिलीच तऱ्हा पक्की करू, एक बॅटरी, आणि किटली चालेल का तेवढं सांगा. आई म्हणाली, किटली राहू दे. पण आजोबांच्या जाण्याला ती नाही म्हणाली नव्हती. मावशींनी पक्क्या मागणीचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

टाचणीने आजोबांकडे पाहिलं नाही. आपण पाहिलं तर आपल्याला बोलता येणार नाही, हे तिला माहीत होतं.

“मावशी, यंत्र रात्री लावलंच नसतं, तर सकाळी किती उरले असते?” तिने विचारलं.

मावशींनी टोपण काढलेलं पेन तसंच धरून मनातल्या मनात हिशेब केला. फ्रिज, पंखा, दिवे. “बहात्तर,” त्या म्हणाल्या. आणि म्हणून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

आईने वही स्वतःकडे ओढून घेतली आणि तो आकडा बराच वेळ बघत राहिली, जणू काच वाकडी घासली गेली आहे आणि कुठे ते तिला शोधायचंय. मग तिने वडिलांकडे पाहिलं.

“बाबा, किती रात्री?”

“दोन.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

आईने वही मिटली. ती ओरडली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, की मग प्रश्न मिटला, बाबा घरी राहतील. आणि उठली.

मावशींनी तिला थांबवलं. त्या म्हणाल्या, तुमच्या घरातलं तुम्ही बघा, पण माझ्या टेबलावर खोट्या रात्रींवरून काही ठरत नाही. पहिली तऱ्हाही नाही आणि घरी राहायचंही नाही. एक खरी रात्र आणा. ती आणल्यावर जे ठरवायचं ते ठरवा. आई दाराशी थांबली. मग म्हणाली, आज रात्री मीच झोपते तिथे. मामाने आपली उशी आजच घरात नेतो म्हणून सांगितलं, पण कुणी हसलं नाही.

तिसऱ्या सकाळी पडद्यावर छत्तीस होते. भांडं तळापर्यंत रिकामं. आजोबांनी दोन दिवसांत पहिल्यांदा पेपर पूर्ण वाचला.

छत्तीस म्हणजे एकच रात्र. पण आकडा आता खरा होता, आणि खऱ्या आकड्याशी काहीतरी करता येतं. मावशी संध्याकाळी स्वतः गोगलगायीपाशी आल्या. त्यांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि टाचणीला दाखवलं, की यातलं सगळ्यांत मोठं भोक हवेचं नाही, पाणी तापवण्याचं आहे. हवा ढकलायला थोडीशी वीज पुरते. शिवाय बॅटरीतली वीज आधी घरातल्यासारखी करायची, आणि यंत्राने ती पुन्हा स्वतःला हवी तशी करून घ्यायची, या जाण्यायेण्यात काही सांडते. त्यापेक्षा बॅटरीतून सरळ यंत्रात नेणारी तार मिळते. आईने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, काही रात्री पाणी न तापवता, अगदी पाणी न घालताही चालेल. नाक थोडं कोरडं पडेल. मास्क मात्र सुटता कामा नये. आईने हे शेवटचं वाक्य फोनचा आवाज मोठा करून पुन्हा म्हणायला लावलं.

मग मावशींनी आजोबांना विचारलं, तिथे उभं कुठे राहता? इतके दिवस हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आजोबांनी बोटाने हवेत तळं काढलं. थांबायची जागा पश्चिमेच्या काठावर, दाट झाडांखाली. उघड्यावर राहिलं तर पक्षी बिचकतात. म्हणजे छपरावरची दोन्ही पॅनेल दिवसभर सावलीत. मामाने कपाळाला हात लावला. वर्षभर छप्पर घासत बसलो, तो म्हणाला, आणि ऊन खाली गवतात पडतंय. घडीचं पॅनेल मात्र काठावर, झाडांबाहेर मांडता येईल, तार झुडपांतून आणता येईल.

चौथी रात्र नव्या तारेवर, पाणी न तापवता काढली. आई शेजारच्या जागेवरच झोपली होती. सकाळी त्रेसष्ट उरले. मावशींनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. एका बॅटरीवर ऊन नसलेली दुसरी रात्र निघते, पण अगदी काठावर. मधल्या दिवसात एकटा फ्रिजच बारा टक्के खातो, म्हणून सकाळी चौदा टक्के उरतील. दोन बॅटऱ्या असल्या तर काळजी नाही. दुसरी बॅटरी बारा किलोची होती. मामाने आपली लोखंडी अवजारांची पेटी गोगलगायीतून उतरवली, आणि ती उतरवताना मित्राला निरोप देतात तसा तिच्यावर हात फिरवला. दुसरी तऱ्हा ठरली.

सगळं सामान अंगणात येऊन पडलं. निघायला तीन दिवस होते. आई पायरीवर बसून जुन्या रुमालाने मास्कच्या पट्ट्या पुसत होती. मामाने विचारलं, मग ताई, येताहेत ना बाबा?

आईने रुमाल मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “बॅटरीवर माझा विश्वास बसलाय. पॅनेलवरही. बाबांवर बसत नाही.”

आजोबा समोरच उभे होते. आई पुढे बोलत राहिली, आवाज न चढवता. तिला रजा नाही, ती तिथे नसेल. आता भांड्यात पाणीही नसणार, म्हणजे सकाळी बघून काही कळणार नाही. नुसत्या हवेला लागते ती वीज इतकी थोडी, की दोन बॅटऱ्यांच्या आकड्यावरूनही ते ओळखू येणार नाही. यंत्र आतल्या आत तास मोजतं, पण ते सहा महिन्यांनी डॉक्टरच वाचतात. मामा शेजारी झोपेल, आणि मामाचं झोपणं सगळ्यांना माहीत आहे. पक्ष्यांचा नाद लागला, मास्कमुळे पहाटे आवाज ऐकू येत नाही असं वाटलं, तर बाबा तो काढतील. काढणार नाही असं ते आज म्हणतील, आणि मनापासून म्हणतील. पण त्या दोन रात्रींच्या आधीही त्यांनी मान डोलावलीच होती.

आजोबांनी मान खाली घातली. तीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून ते आकडे सांगत आले होते आणि एकदाही कुणी उलटून विचारलं नव्हतं. आज पोटची मुलगी विचारत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “तुझं बरोबर आहे.” वचन मात्र त्यांनी दिलं नाही.

टाचणी बॅटरीच्या खोक्यावर बसून सगळं ऐकत होती. ती उठली. घरात गेली आणि थोड्या वेळाने आपली गादी ओढत बाहेर आली. गादी तिच्यापेक्षा लांब होती. पायरीवर ती दुमडली, अंगणात तिला धूळ लागली. कुणाची मदत न मागता तिने ती गोगलगायीच्या दारातून आत कोंबली आणि आजोबांच्या जागेसमोर, मामाच्या जागेवर, पसरली. मग तिने बाहेर डोकं काढून मामाला सांगितलं, की त्याने तिथे तंबूत झोपायचं. ती तो तंबू शोधायला माळ्यावर जाते आहे. आणि तिची झोप किती सावध आहे ते आईला आज रात्रीपासूनच तपासून बघता येईल. एवढं बोलून ती शिडी आणायला गेली.